लाईट अर्धी आली की… जुन्या सोसायट्यांनो, या चुका टाळा

लाईट पूर्ण गेली तर फारसं नुकसान होत नाही. पंखा बंद, वायफाय बंद, थोडी चिडचिड. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीनचे बोर्ड जळतात ते बहुतेक वेळा लाईट अर्धवट असताना किंवा परत येताना.

पुण्याच्या पेठांत, सहकारनगर-कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत इमारत बांधताना घरटी दोन-तीन पंखे, ट्यूबलाईट आणि फार तर एक गीझर एवढाच हिशेब होता. आता प्रत्येक मजल्यावर एसी आहेत, ओट्यावर इंडक्शन आहे आणि पार्किंगमध्ये ई-स्कूटर चार्ज होते. बऱ्याच ठिकाणी केबल मात्र जुनीच. त्यात गॅस, इंटरनेट, ड्रेनेज अशी खोदाई चालूच असते. कुठेतरी केबलच्या जोडाला धक्का लागतो, उन्हाळाभर तो तग धरतो आणि पहिल्या दमदार पावसात आत पाणी शिरून फॉल्ट होतो. हे काही आपल्या हातात नाही. त्यानंतर आपण जे उद्योग करतो, ते मात्र आहेत.

एक फेज गेला की सगळ्यांनी चेंजओव्हर फिरवणं

सोसायटीच्या मीटर रूममध्ये तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारा येतात आणि फ्लॅट त्यांच्यावर साधारण सारखे वाटलेले असतात. बाहेरच्या फीडर पिलरमधला (रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेटीतला) एक फ्यूज उडाला की एक तृतीयांश घरं अंधारात जातात. मग ज्याच्याकडे चेंजओव्हर, म्हणजे घर दुसऱ्या फेजवर टाकणारा स्विच आहे तो खाली जाऊन फिरवतो. त्याचं बघून दुसरा, मग तिसरा. मे महिन्यातल्या रात्री उरलेले दोन्ही फेज आधीच भरलेले असतात. थोड्या वेळात दुसराही फ्यूज उडतो, आणि आता सगळी इमारत तिसऱ्यावर डोळा ठेवून!

यात फ्यूजपेक्षा मोठा धोका न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या सामाईक तारेला असतो. तिन्ही फेजवर लोड सारखा असेल तर न्यूट्रलमधून फार थोडा करंट जातो, कारण तिन्हींचे करंट एकमेकांना बरेचसे खोडतात. सगळी घरं एकाच फेजवर आली की सगळा करंट न्यूट्रलमधून परतू लागतो. जुना, सैल झालेला जोड तापतो आणि एके दिवशी सुटतो.

चेंजओव्हर फिरवायचाच असेल तर आधी एसी आणि गीझरचे एमसीबी खाली पाडा. पंखा, दिवे, फ्रीज एवढ्यावर रात्र निघते. कुणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन असेल, तर चालू असलेला एक फेज त्याच्यासाठी मोकळा ठेवायचं सोसायटीने आधीच ठरवून ठेवावं.

दिवे भडक झाले तरी ‘बघू’ म्हणणं

आपल्याकडे पंखा रेंगाळतोय आणि समोरच्यांचा बल्ब डोळ्यांत खुपेल इतका पेटलाय, म्हणजे बहुधा न्यूट्रल तुटलंय. घरात एरवी २३० व्होल्ट येतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास असतात. न्यूट्रल नसेल तर तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं शेजाऱ्यांचं घर त्या ४०० व्होल्टमध्ये वाटेकरी होतात. ज्याच्याकडे लोड कमी त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. म्हणजे ज्याने शहाण्यासारखं सगळं बंद ठेवून फक्त टीव्ही लावलाय, त्याचाच टीव्ही जातो.

अशा वेळी मेन स्विच ताबडतोब बंद करायचा. रिमोटने टीव्ही बंद करून भागत नाही, तो स्टँडबायवरही जळतो. एमसीबी पडेल याची वाट पाहू नका. तो जास्त करंटला पडतो, जास्त व्होल्टेज त्याला कळत नाही. स्पाईक गार्डचा बोर्डही क्षणभराचा झटका झेलण्यापुरता असतो. व्होल्टेज वर जाऊन तिथेच राहिलं तर आधी तोच जळतो. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, तो नव्या टीव्हीपेक्षा नक्कीच स्वस्त पडतो. आणि शेजाऱ्यांची दारं वाजवा, बेलच्या भरवशावर राहू नका. दुरुस्तीनंतर मल्टिमीटरने व्होल्टेज तपासल्याशिवाय मेन वर करायचा नाही.

लाईट आली रे आली, की सगळं सुरू

एसी, पंप, फ्रीज आणि रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या, सगळं एकदम ओढायला लागलं की नुकताच चालू केलेला फीडर (भागाला वीज पुरवणारी लाईन) पुन्हा ट्रिप होतो. दहा मिनिटं धीर धरा. फ्रीज आणि एसीच्या कॉम्प्रेसरलाही बंद झाल्यावर लगेच सुरू होणं सोसत नाही.

फ्यूजला जाड तार

फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घातली की फ्यूज उडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापायला लागते. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. घालू नका.

इन्व्हर्टरकडून भलत्या अपेक्षा

१२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) ची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी करण्याचा आहे. ४०० वॅटचा लोड टाकलात तर नवी बॅटरीही तीन तासांच्या आसपास चालते. तिच्यात फिल्टरचं पाणी घालू नका, डिस्टिल्डच हवं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद कपाटात ठेवायची नाही.

इन्व्हर्टर जोडताना दोन सर्किटची न्यूट्रल एकत्र केली की आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच सारखा पडतो. मग वायरमन ‘तो खराब आहे’ म्हणत बायपास करून जातो, आणि शॉकपासून वाचवणारी महत्त्वाची गोष्ट घरातून जाते. त्याला न्यूट्रल वेगळी करायला लावा. दोन्हीकडे पिना असलेल्या वायरने जनरेटर सॉकेटमध्ये खुपसण्याचा प्रकार तर गुन्हाच समजा. मेन बंद करायचा राहिला तर तो करंट उलटा बाहेर जाऊन लाईनवर काम करणाऱ्याचा जीव घेऊ शकतो.

अर्थिंग आहे असं गृहीत धरणं

अनेक जुन्या घरांत अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी पाईपला बांधलेली असायची. आता प्लंबिंग बदलून प्लास्टिकचे पाईप आले आणि अर्थिंगची वायर कुठेच न जाता लटकते आहे. गीझरला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्याच दिवशी तपासून घ्या.

पावसात पाणी शिरलेल्या मीटर रूममध्ये कुणीही उतरू नये, वॉचमनलाही पाठवू नये. २५ जुलै २०२४ च्या पुरात डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तिघांचा शॉक लागून मृत्यू झाला. आधी बाहेरून पुरवठा बंद करून घ्यायचा, मग पाणी उपसायचं.

‘कुणीतरी फोन केला असेल’

ग्रुपवर ‘लाईट गेली का?’चे चाळीस मेसेज, आणि १९१२ या वीज हेल्पलाइनवर एकही तक्रार नाही, असं सर्रास होतं. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक फोनमध्ये ठेवा. नुसतं ‘लाईट नाही’ न म्हणता एक फेज गेलाय, पूर्ण इमारत बंद आहे की व्होल्टेज जास्त येतंय, हे स्पष्ट सांगा. जास्त व्होल्टेजची तक्रार वेगळ्या घाईची असते. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार दुरुस्तीला मुदत ठरलेली असते आणि ती चुकली तर भरपाई मागता येते. नोंद नसेल तर मुदत कधीपासून मोजायची हाच वाद होतो.

आणि नवा एसी घेतलात तर बिलावरचा मंजूर भार एकदा बघा. ट्रान्सफॉर्मर वाढवून मागायला सोसायटी जाते, तेव्हा हिशेब त्या आकड्यांचाच मांडला जातो.