मिशनच्या ऑफिसात नव्याने रुजू होताना

नगरहून मी चेन्नईला आले ती मिशनरींचे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळायला. तुम्हीही अशा कामावर येत असाल, तर आधी माणसं ओळखा, मग कागद. एकेका कुटुंबाची फाइल घेऊन बसा: कुठे राहतात, मुलं कोणत्या वसतिगृहात आहेत, बँक किती लांब आहे. डोंगरातल्या गावी मानधन ठरल्या तारखेलाच पोचलं पाहिजे. त्यात सबब नको.

परदेशी देणग्यांचे नियम पहिल्याच आठवड्यात शिका. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, आणि तिच्यातून प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. देशी देणगी तिच्यात कधीही मिसळू नका.

मिशनरींची पत्रं छापताना त्यांतली गावांची नावं त्यांना विचारूनच राहू द्या.

तमिळ बोलायला लागा, चुकत का होईना. इथल्याच लोकांनी १९०३ मध्ये तिरुनेलवेलीत स्वतःची मिशनरी सोसायटी उभी केली. जुन्या सहकाऱ्यांना त्याबद्दल जरूर विचारा. आणि घराजवळची मंडळी, म्हणजे चर्च, लवकर शोधा. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांसाठी प्रार्थना होते. तुमच्या आईची तब्येत विचारणारी माणसं रविवारी तिथे भेटतील.