हेड न उघडता बोअर बघायचाय? आधी स्कोप ओळखा

बोअर म्हणजे इंजिनात पिस्टन वर-खाली होतो ती पोकळी, हेड म्हणजे तिच्यावरचं झाकण, आणि स्कोप म्हणजे आत घालून बघायची नळी. आमच्या गॅरेजात ‘कॅमेरा घाल’ म्हटलं की पोरांना कळतं. विकत घेताना तेवढ्यावर भागत नाही. दुकानदार हाताला लागेल ते गळ्यात मारतो.

सरळ, न वाकणारी, आत भिंगं असलेली नळी म्हणजे रिजिड बोअरस्कोप. चित्र स्वच्छ, पण वाट सरळच हवी. फायबरस्कोप वाकतो, त्यात काचेच्या बारीक तंतूंचा जुडगा असतो. जुना घेत असाल तर पांढऱ्या कागदाकडे धरून बघा. काळे ठिपके दिसले तर तेवढे तंतू तुटलेत. व्हिडिओस्कोपच्या टोकालाच कॅमेरा असतो. मोबाइलला जोडायची स्वस्त वायर त्याचीच गरीब बहीण. डॉक्टरांचा तो एंडोस्कोप. बाजारात आपल्यालाही त्याच नावाने विकतात, चालायचंच.

आता मापं. ‘व्यास’ टोकाचा विचारा. साडेपाच मिमीचा स्पार्क प्लगच्या भोकातून आरामात जातो, पण बाजूला बघायला टोकावर आरशाची टोपी चढवली की जाडी वाढते. ‘दृष्टीची दिशा’ आणि ‘दृष्टिक्षेत्र’ यांत गल्लत नको: पहिलं म्हणजे तो कुठे बघतो, दुसरं म्हणजे किती रुंद बघतो. शून्य अंशाचा स्कोप नाकासमोर बघतो, तो पिस्टन दाखवेल. बोअरची भिंत समोरासमोर बघायला नव्वदचा, नाहीतर आरसा हवा. ‘आर्टिक्युलेशन’ म्हणजे बाहेरून चाक फिरवून टोक वळवायची सोय. नुसती लवचिक वायर म्हणजे आर्टिक्युलेशन नव्हे, दुकानदार काहीही म्हणो.

इंजिन थंड होऊ द्या, नाहीतर टोक खराब होईल. प्लग काढण्याआधी तो बसतो त्या खड्ड्यात हवा मारा, कचरा आत पडायला नको. गाडी न्यूट्रलला टाकून क्रँकच्या बोल्टला पाना लावा आणि पिस्टन खाली न्या. कॅमेरा आत असताना सेल्फ अजिबात मारू नका.

भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसल्या तर त्या होनिंगच्या, म्हणजे भिंत घासताना मुद्दाम पाडलेल्या, चांगलं लक्षण. उभे ओरखडे दिसले की थांबा. मात्र आरसा लावला असेल तर चित्र उलटं असतं, डावीकडचा ओरखडा उजवीकडे दिसतो. टोक जवळ गेलं की केसाएवढी चीरही दरीसारखी भासते. म्हणून गिऱ्हाइकाला फोटो दाखवताना तेवढ्याच अंतरावरून व्हॉल्व्हचाही एक काढा. व्हॉल्व्हचं माप माहीत असतं, त्यावरून ओरखड्याचा अंदाज येतो.