खिडक्या बदलायच्यात? आधी जुन्या खिडकीचा सेक्शन काढा

इंग्लंडमध्ये जुनं व्हिक्टोरियन घर घेतलं, पहिल्याच हिवाळ्यात बंद खिडकीपुढचे पडदे वाऱ्यानं हलायला लागले आणि घरात ‘डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) करून टाकू या’ असं ठरलं, की त्यानंतर काय काय लागतं ते लिहितोय. पूर्ण घर आपलं असेल, ते कॉन्झर्व्हेशन एरियात (रूप जपायचं म्हणून कौन्सिलनं ठरवलेल्या भागात) नसेल आणि लिस्टेडही (सरकारी वारसा यादीतलं) नसेल, तर इथेच थांबा. चांगला कारागीर गाठा, खालचं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं तेवढं वाचा आणि मोकळे व्हा. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे, तिथल्यांनी तिथलं बघावं.

बाकी कशालाही हात लावायच्या आधी सध्याच्या खिडकीचा सेक्शन काढा. खिडकी उभी आणि आडवी चिरली तर चौकटीचं, झडपेचं आणि तावदानांमधल्या पट्ट्यांचं लाकूड कसं दिसेल, त्याचं मापांसकट चित्र. नव्या खिडकीचा सेक्शन विकणारी कंपनी हसत हसत देते. जुन्या खिडकीचा कोणी देत नाही, तो आपला आपण काढायचा असतो. मी परवानगीच्या अर्जासोबत कौन्सिलला फोटो, नकाशा, ब्रोशर, फी सगळं धाडलं आणि नेमका हाच कागद राहिला. अर्ज ‘इनव्हॅलिड’ शेरा मारून परत. निर्णयासाठीचे कौन्सिलचे ८ आठवडे अर्ज पाठवला त्या दिवसापासून मोजत नाहीत, तो व्हॅलिड झाला त्या दिवसापासून मोजतात. तोवर घड्याळ बंद. दरम्यान सुतारानं आपली तारीख दुसऱ्याला दिली आणि आम्ही आणखी एक हिवाळा खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून काढला. म्हणून म्हणतो, सेक्शन.

आता परवानगी लागते का, ते बघा. कॉन्झर्व्हेशन एरिया ही सोय १९६७ च्या सिव्हिक अमेनिटीज कायद्यानं आली आणि आज इंग्लंडमध्ये असे सुमारे १०,००० भाग आहेत, तेव्हा ‘आमच्या गल्लीत जपण्यासारखं आहे तरी काय’ असला वाद घालून उपयोग नाही. पण नुसतं एरियात असणं म्हणजे खिडक्यांना परवानगी लागतेच असं नाही, आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. पूर्ण घर आपलं असेल (भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतलं, म्हणजे टेरेसमधलंही चालतं), तर दिसायला सारख्या सामानाची खिडकी परवानगीशिवाय बदलता येते. आर्टिकल फोर (अशी मुभा काढून घेणारा कौन्सिलचा आदेश) लागू असेल तर ही मुभा जाते. आर्टिकल फोरचा मूळ आदेश उघडून त्यात आपला घर नंबर शोधा. रस्त्याचं नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका. पुष्कळदा तो फक्त रस्त्याकडच्या दर्शनी बाजूला असतो आणि मागच्या खिडक्या सुटतात. कधी रस्त्याची एकच बाजू त्यात असते. आदेश नसेल आणि तरी मनात धाकधूक असेल तर लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट (परवानगी लागत नाही याचा कौन्सिलचा दाखला) काढून ठेवा.

फ्लॅटवाल्यांना ही मुभा मुळातच नाही. शिवाय लीज वाचा. बऱ्याच लीजमध्ये खिडकीची चौकट फ्रीहोल्डरची (इमारतीच्या मूळ मालकाची) असते आणि आपलं फक्त आतलं रंगकाम. त्याची लेखी परवानगी प्लॅनिंगपेक्षा जास्त वेळ खाते.

घर लिस्टेड आहे का, हे नॅशनल हेरिटेज लिस्टवर दोन मिनिटांत कळतं. असेल तर वेगळी कन्सेन्ट लागते, आणि तिच्याशिवाय खिडकी काढणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्याला मुदतीची पळवाटही नाही.

पळवाटेवरून आठवलं. मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर हमखास एक जण सांगतो, ‘अरे बसवून टाक, चार वर्षं कोणी विचारलं नाही की झालं.’ तो नियम गेला. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये कौन्सिलनं कारवाई करायची ती मुदत १० वर्षांची झाली आहे. दहा वर्षांत शेजारी बदलतात आणि नवा शेजारी पत्र लिहितो. ‘पण समोरच्यानं यूपीव्हीसी बसवलंय’ हेही चालत नाही. त्याचं काम आर्टिकल फोरच्या आधीचं असू शकतं, आणि आधीचं नसेल तर ती त्याची डोकेदुखी.

एक आगाऊ प्रश्न विचारतो: बदलायच्याच आहेत का? हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेचा सल्ला आधी दुरुस्तीचा असतो आणि तो मला पटलाय. जुन्या खिडक्यांचं पाइन हळू वाढलेल्या झाडांचं, घट्ट रेषांचं. आज लाकडाच्या दुकानात मिळतं ते त्याच्यापुढे कापूस. बहुतेक वेळा कुजलेला असतो तो खालचा सिल आणि खालच्या झडपेची तळपट्टी. तेवढं कापून नवं जोडता येतं, कडेनं ब्रश-सील बसवता येतं आणि आतून सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे जुनी खिडकी तशीच ठेवून आत दुसरी काच. आतलं काम असल्यामुळे लिस्टेड नसलेल्या घराला त्यासाठी प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, आणि दोन काचांत दहाएक सेंटिमीटर अंतर ठेवलं तर रस्त्याचा आवाज डबल ग्लेझिंगपेक्षाही चांगला अडतो. दिसायला थोडं बोजड, पुसायला कटकट. तरी निम्म्या लोकांनी इथेच थांबावं असं माझं मत.

नाही थांबायचं? मग काच ठरवा. नेहमीचं डबल ग्लेझिंग २४ ते २८ मिलीमीटर जाड असतं. जुन्या पट्टीत ते मावत नाही, पट्टी जाड करावी लागते आणि मग कॉन्झर्व्हेशन ऑफिसर नाही म्हणतो. कंपन्या यावर एक शक्कल लढवतात: एकच मोठी काच बसवून तिच्यावर खोट्या पट्ट्या चिकटवतात. ऑफिसरला ते फुटपाथवरून कळतं. पर्याय म्हणजे १२-१४ मिलीमीटरचं स्लिम डबल ग्लेझिंग, किंवा त्याहून पातळ आणि बरंच महाग व्हॅक्यूम ग्लास (दोन काचांमध्ये निर्वात पोकळी). यातलं कुठलं बसेल? ते पट्टी किती रुंद आहे आणि काचेची खाच किती खोल आहे यावर ठरतं, आणि ते कुठे दिसतं? सेक्शनमध्ये.

वजनाचंही गणित आहे. एक मिलीमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. म्हणजे ३ मिलीमीटरची जुनी काच चौरस मीटरला साडेसात किलो आणि ४ अधिक ४ ची दुहेरी काच २० किलो. सॅश खिडकी (झडपा वर-खाली सरकणारी) आडावरच्या रहाटासारखी: कप्पी, दोरी आणि चौकटीच्या पोकळीत लपलेलं लोखंडी वजन. झडप जड झाली आणि वजन तेच राहिलं, तर वरची झडप आपोआप खाली सरकत येते. चौकटीच्या आतल्या बाजूला, खाली, एक लहानशी लाकडी झाकणी असते, रंगाखाली पुरलेली. सुरीनं कडेचा रंग चिरून ती उचकटली की हात आत जातो आणि काळंकुट्ट ओतीव लोखंडी नळकांडं बाहेर येतं. ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा (कागद अंथरून, नाहीतर घरात बोलणी बसतील) आणि आकडा लिहून ठेवा. पोकळी अरुंद असेल तर लोखंडाऐवजी शिशाची वजनं घालतात. तेवढ्याच जागेत दीडपट भार बसतो. सुतारानं हे स्वतःहून विचारलं नाही, तर दुसरा सुतार बघा.

सेक्शन काढायचा कसा, ते एकदा नीट सांगतो. दात्यांचं प्रोफाइल गेज मिळतं, फार महाग नाही. रंगाचे थर कमी असतील अशी जागा शोधा, कारण शंभर वर्षांच्या रंगानं पट्टीच्या कडा लाडवासारख्या गोल झालेल्या असतात आणि तसंच मोजलं तर नवी खिडकी गोलमटोल येते. गेज आतून पट्टीवर दाबा, निघालेला आकार कागदावर पेन्सिलीनं उतरवा. बाहेरून पुट्टीचा उतार मोजा; जुन्या खिडकीला बाहेर तिरकी पुट्टी असते आणि नव्यांना पुष्कळदा लाकडी पट्टी ठोकलेली, हा फरक हमखास पकडला जातो. मधली मीटिंग रेल (दोन झडपा जिथे मिळतात ते आडवं लाकूड), खालची जाड रेल, कडेचे उभे लाकूड, सगळ्यांची रुंदी आणि जाडी घ्या. विटेच्या दर्शनी भागापासून चौकट किती आत आहे तेही घ्या. लंडनमध्ये आगीच्या भीतीनं १७०९ च्या कायद्यानं चौकटी विटेपासून चार इंच आत ढकलल्या. कारण जुनं झालं तरी ती सावली अजून जपली जाते. आणि शिंगं: वरच्या झडपेच्या खालच्या दोन टोकांना कानाच्या पाळीसारखं लोंबणारं लाकूड. मोठ्या, जड काचा आल्या तसा व्हिक्टोरियन काळात सांध्याला जोर म्हणून ते आलं. त्याआधीच्या जॉर्जियन काळातल्या खिडकीला नसतं. कंपन्या सरसकट सगळ्यांना शिंगं चिकटवतात. तुमच्या खिडकीला आहेत का बघा, असतील तर आकार उतरवा.

उभा सेक्शन आणि आडवा सेक्शन, दोन्ही. जुना आणि नवा, शेजारी शेजारी. शक्यतो १:१ किंवा १:२ मध्ये, स्केल-बारसकट, मापं लिहून. स्वतःला जमत नसेल तर ड्राफ्ट्समनला पैसे द्या, पण काढा. प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या खिडकीचा एक. बे विंडो (भिंतीबाहेर आलेली खिडकी) आणि वरच्या मजल्यावरची खिडकी एकसारखी असेल असं गृहीत धरू नका.

बाकी अर्जात काय लागतं ते कौन्सिलच्या व्हॅलिडेशन चेकलिस्टमध्ये असतं, ती उघडून एकेका ओळीवर टिक करा: १:१२५० चा नकाशा लाल रेषेसह, दर्शनी बाजूचं चित्र, प्रत्येक खिडकीला नंबर घातलेले फोटो, छोटंसं हेरिटेज स्टेटमेंट (बदलानं घराच्या नि भागाच्या जुन्या रूपावर काय परिणाम होईल ते). ते लिहायला आधी एरियाचं कॅरेक्टर अप्रेझल (भागाची वैशिष्ट्यं सांगणारा अहवाल) वाचा. तुमच्या रस्त्याच्या खिडक्यांबद्दल त्यात वाक्य असेल तर तेच उचलून त्याला उत्तर द्या. शेजाऱ्यांचे मंजूर झालेले अर्ज कौन्सिलच्या साइटवर सगळ्यांना दिसतात. ऑफिसरचा रिपोर्ट वाचण्यासाठी ते सोनं आहे. पण त्यांचा सेक्शन उचलून आपला म्हणून लावू नका, एकाच बिल्डरच्या दोन घरांत पट्ट्या वेगळ्या निघतात. घराच्या अर्जाची फी २०२५ च्या एप्रिलपासून २५८ वरून ५२८ पौंड झाली आणि आता दर एप्रिलला वाढते. आर्टिकल फोरमुळे अर्ज करावा लागला तर पूर्वी फी माफ असायची, ती माफी २०१८ ला गेली.

परवानगी आली की पेढे वाटायच्या आधी शेवटचं पान वाचा. ‘काम सुरू करण्यापूर्वी खिडक्यांचे १:१ सेक्शन सादर करून मंजूर करून घ्यावेत’ अशी अट पुष्कळदा असते. ती सोडवून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा आठवडे. मूळ अर्जातच ते सेक्शन असतील तर ही अट बहुधा येतच नाही. कळलं ना मी कशाबद्दल बोलतोय?

प्लॅनिंग आणि बिल्डिंग रेग्युलेशन्स ही दोन वेगळी खाती, एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. नव्या खिडकीला यू-व्हॅल्यू (उष्णता किती गळते त्याचं माप) १.४ किंवा त्याहून कमी, किंवा ऊर्जेचं बी रेटिंग लागतं. कॉन्झर्व्हेशन एरियात घराचं रूप बिघडत असेल तर सवलत आहे, पण ती मागावी लागते. ट्रिकल व्हेंट (हवा खेळती ठेवणारी बारीक फट) कुठे लपवणार ते आधी ठरवा. जमिनीपासून ८०० मिलीमीटरच्या खाली काच येत असेल तर ती सेफ्टी ग्लास. वरच्या मजल्यावरच्या ज्या खिडकीतून आगीच्या वेळी बाहेर पडता येतं, तिथली नवी खिडकी त्याहून कमी उघडणारी नको. सुतार फेन्सा किंवा सर्टास (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजना) यांचा सभासद असेल तर तो स्वतः सर्टिफिकेट देतो, नसेल तर बिल्डिंग कंट्रोलला आपण कळवायचं, काम सुरू व्हायच्या आधी.

ऑर्डर देताना लाकूड लेखी लिहून घ्या. अकोया (टिकण्यासाठी प्रक्रिया केलेलं लाकूड) घेतलं तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, बाकीचे गंजतात. ऑर्डरला मंजूर झालेला सेक्शन जोडा आणि त्यावर सुताराची सही घ्या. वर्कशॉपमध्ये ‘आमचा नेहमीचा कटर’ वापरायची सवय असते.

मग परांची, फुटपाथवर असेल तर तिचं लायसन्स. पार्किंग बे बंद करून घ्या. जुन्या रंगात शिसं असतं: कोरडं घासू देऊ नका, मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. पडदे काढा, फर्निचर झाका. पहिली जुनी झडप लगेच स्किपमध्ये (कचऱ्याच्या मोठ्या पेटीत) जाऊ देऊ नका, नव्या पट्टीला गेज लावून तिच्याशी ताडून बघा, मगच पुढची काढा. जुन्या काचा लाटांच्या असतील तर ठेवा, दुरुस्तीवाले घेतात. शेवटचा हप्ता प्रत्येक झडप वर-खाली करून झाल्यावर. रंगाचा शेवटचा हात, फोटो. सर्टिफिकेट घराच्या फाइलमध्ये. घर विकताना सॉलिसिटर ते मागतोच.