उल्कावर्षाव पाहताना आणि अशनी ओळखताना या चुका टाळा

उल्कावर्षाव पाहून निराश झालेल्यांची तक्रार बहुधा एकच असते: बातमीत ताशी शंभर-सव्वाशे उल्का सांगितल्या होत्या, प्रत्यक्षात तासाभरात जेमतेम दहा-बारा दिसल्या. बातमीतला आकडा सहसा खोटा नसतो, पण तो ज्या गृहीतकांवर काढलेला असतो ती बातमीत छापली जात नाहीत. उल्का ज्या बिंदूतून फाकल्यासारख्या दिसतात, तो उगमबिंदू नेमका डोक्यावर आहे आणि ६.५ प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) तारे नुसत्या डोळ्यांनी दिसावेत इतके आकाश काळोखे आहे, असे धरून हा दर काढतात. उगमबिंदू क्षितिजापासून ३० अंशांवरच असेल तर संख्या निम्म्यावर येते, आणि शहराच्या उजेडात मंद उल्का लोपल्या की उरलेल्यांतूनही बऱ्याच वजा होतात. आकाशभर रेघाच रेघा दाखवणारी छायाचित्रे तर कित्येक तासांत टिपलेल्या चौकटी एकावर एक ठेवून केलेली असतात, त्यामुळे त्यांवरून अपेक्षा बांधू नये.

दुसरी चूक तारखेची. ययाती तारकासमूहातील वर्षाव १३ ऑगस्टला आहे असे वाचून लोक १३ तारखेच्या रात्री बाहेर पडतात, तेव्हा तो कळस अनेकदा आदल्या रात्री, म्हणजे १३ च्या पहाटे, होऊन गेलेला असतो. शिवाय कळसाची वेळ बहुधा जागतिक वेळेत दिलेली असते. ती स्थानिक वेळेत बदलून मगच रात्र ठरवावी. जानेवारीच्या आरंभीच्या क्वाड्रंटिड वर्षावाचा कळस काही तासांतच ओसरतो, म्हणून तिथे ही चूक सर्वांत महागात पडते. बहुतेक वर्षाव मध्यरात्रीनंतर रंगतात, कारण सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या पृथ्वीची पुढची बाजू तेव्हा आपल्या वाट्याला येते. डिसेंबरच्या १३-१४ तारखांचा मिथुन राशीतील वर्षाव मात्र उत्तर गोलार्धात रात्री नऊ-दहापासूनच पाहता येतो. चंद्राची तिथी न पाहता बेत आखणे हे तर हमखास फसण्याचे लक्षण आहे.

जागेवर पोहोचल्यावर दुर्बीण काढू नये. तिचे दृश्यक्षेत्र इतके लहान असते की उल्का त्याबाहेरूनच निघून जातात. उगमबिंदूकडेही टक लावू नये, कारण तिथल्या उल्का आपल्या दिशेनेच येत असल्यामुळे आखूड दिसतात. त्यापासून ४०-५० अंश बाजूला, आकाशाच्या सर्वांत काळोख्या भागाकडे नजर ठेवून आडवे व्हावे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि फोनवरचा एक संदेश वाचला की ती सवय मोडते. लोक दहा मिनिटे पाहतात, कंटाळतात, फोन काढतात, पुन्हा वर पाहतात. अशा रीतीने डोळे पूर्ण तयार होण्याची वेळ रात्रभर येतच नाही. उजेड हवाच असेल तर मंद लाल दिवा वापरावा.

कॅमेऱ्याच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. स्वयंचलित फोकस बंद करून एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून फोकस हाताने साधावा, आणि दीर्घ उद्भासनातील (लाँग एक्स्पोजरमधील) नॉइज कमी करण्याची सोय बंद ठेवावी, कारण तिच्यामुळे प्रत्येक चौकटीनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडकून पडतो.

संथपणे काही मिनिटे आकाश ओलांडणारा ठिपका हा कृत्रिम उपग्रह असतो. बहुतेक उल्का सेकंदभरही टिकत नाहीत. तेजस्वी उल्का ‘समोरच्या टेकडीमागेच पडली’ असे वाटते, तोही भासच. उल्का साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर झळाळतात, त्यामुळे क्षितिजाला टेकलेली उल्का शेकडो किलोमीटर दूर असते. फार तेजस्वी अग्निगोल दिसला तर खिडकीच्या काचेशी जाऊन उभे राहू नये. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटर व्यासाचा पाषाण फुटला. प्रकाशामागून मिनिटाहून अधिक काळाने आघात-तरंग आला आणि सुमारे १५०० लोक जखमी झाले, त्यांतले बहुतेक फुटलेल्या काचांमुळे.

सर्वाधिक गैरसमज अशनींविषयी, म्हणजे अवकाशातून जमिनीवर पोहोचलेल्या दगडांविषयी, आहेत. सापडलेला काळा, जड, भोकाभोकांचा दगड बहुतेक वेळा भट्टीतली धातुमळी निघतो. बुडबुड्यांची भोके हे अशनीविरुद्धचेच लक्षण समजावे. खऱ्या अशनीवर भोके नव्हे, तर ओल्या मातीवर अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात. ताज्या अशनीवर काळी दाह-साल, म्हणजे वातावरणातून येताना पृष्ठभाग वितळून बनलेला पातळ थर, असते आणि ती सहसा मिलिमीटरभर जाडीचीही नसते. एखादा कोपरा उडालेला असेल तर तिच्याखाली फिकट राखाडी दगड, त्यात धातूचे चमकणारे कण आणि बारीक गोल दाणे दिसतात. आतपर्यंत सारखाच काळा असलेल्या दगडाबद्दल मला तरी आधी शंकाच येते. जळलेले गवत हा पुरावा मानू नये: अशनी अखेरची काही मिनिटे थंड हवेतून न झळाळता खाली येतो आणि त्याचा गाभा तापलेलाच नसतो.

चुंबकाने ओढला गेला म्हणून दगड अशनी ठरत नाही. मॅग्नेटाइट हे लोहखनिज आणि लोह असलेली मळी हीसुद्धा ओढली जातात. अशनी मात्र जवळजवळ सगळेच थोडेफार ओढले जातात, म्हणून ही चाचणी दगड बाद करण्यासाठी अधिक उपयोगी आहे. ती दोऱ्याला टांगलेल्या लहान, कमजोर चुंबकाने करावी. निओडिमियमचे शक्तिशाली चुंबक लावल्यास दगडातील मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. टाइलच्या झिलई नसलेल्या मागच्या बाजूवर घासून तांबूस-तपकिरी रेघ उमटली तर तो हेमटाइट हे लोहखनिज, आणि काळी-करडी उमटली तर बहुधा मॅग्नेटाइट.

या चाचण्यांतून उरलेला दगड धुऊ नये, फोडू नये, तेल लावू नये, कारण त्यातील लोह-निकेल पाण्याने लगेच गंजू लागते. जागेवरच शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे, अक्षांश-रेखांश टिपावेत, तो कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवावा आणि भूशास्त्र विभाग किंवा संग्रहालयाकडे न्यावा. विकण्याचा विचार त्याआधी करू नये. अशनीच्या मालकीचे नियम देशागणिक वेगळे आहेत.