संध्याकाळी घरच्या दुर्बिणीतून ग्रह कसे पाहावेत

ग्रह पाहायला मिट्ट काळोख लागतो, ही समजूत आधी सोडा. नाशिकच्या कॉलेज रोडच्या दिव्यांत तेजोमेघ (अंतराळातले वायू-धुळीचे अंधुक ढग) दिसणार नाहीत, पण शुक्र, गुरू, शनी शहरातूनही छान दिसतात.

ऊन असतानाच फाइंडर, म्हणजे नेम धरायला मुख्य नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, जुळवून घ्या. दुर्बीण सूर्याच्या विरुद्ध दिशेला वळवा, लांबचा एखादा मोबाइल टॉवर मुख्य नळीच्या मधोमध आणा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तोच टॉवर त्याच्याही मध्यावर आणा. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत पश्चिमेकडे वळायचंच नाही. चुकून सूर्य नळीत आला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

जागा निवडताना पश्चिमेला समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आड येत नाही ना, एवढं बघा. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे तो नेहमी खालीच असतो. उन्हाळ्यात गच्चीचा स्लॅब रात्रीपर्यंत ऊब सोडतो आणि प्रतिमा थरथरते. अंगण किंवा गंगापूर धरणाकडची मोकळी जागा त्यापेक्षा बरी. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा.

सुरुवात २५ मिमीच्या आयपीसने, म्हणजे डोळ्याकडच्या बदलता येणाऱ्या भिंगाने, करा. ७०० मिमी नाभीय अंतराच्या (मुख्य भिंगापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतच्या अंतराच्या) दुर्बिणीत तो २८ पट मोठं दाखवतो, १० मिमीचा ७० पट. खोक्यावर ‘५०० पट’ छापलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नका. ७० मिमी व्यासाच्या मुख्य भिंगाला १४० पटींपुढे नुसता धूसर गोळा दिसतो.

शुक्र संध्याकाळच्या आकाशात असेल तर पहिला मान त्याचा, तोही उजेड असतानाच. अंधारात तो इतका झगझगतो की आकार कळत नाही. सूर्यास्तानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत मात्र त्याची कला स्वच्छ दिसते. कोर असेल तर पोरं हमखास म्हणतात, “हा तर चंद्रच!” मग त्यांना नळीच्या बाहेरून बघायला सांगा.

गुरूचे चार चंद्र २८ पटींतही एका रेषेत दिसतात. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले ते हेच. कागदावर ठिपके काढून ठेवा, दुसऱ्या संध्याकाळी जागा बदललेल्या सापडतील. शनीला ७० पट लावा. २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला जवळपास कडेवरून, म्हणजे बारीक रेघेसारखी, दिसत होती, पुढच्या काही वर्षांत ती उघडत जाणार आहे. मंगळाकडून मात्र फार अपेक्षा नको, साधारण २६ महिन्यांनी तो जवळ येतो तेवढे काही आठवडे सोडले तर तांबूस ठिपकाच.

७० पटींत ग्रह दोन-तीन मिनिटांत नजरेबाहेर सरकतो. तो ज्या कडेकडे जातो तिच्या उलट कडेला आणून ठेवा आणि हात काढा, थरथर थांबली की तपशील उमटतो.

थंडीत नाशिकला भिंगावर दव धरतं. रुमालाने पुसू नका, ओरखडे उठतात. दुर्बीण घरात आणून झाकण न लावता वाळू द्या, मगच झाका.