मालक बदलला, लायसन्सचं काय? मायएसक्यूएल वापरताना या चुका टाळा

ऑक्टोबर २००५ मध्ये ओरॅकल या डेटाबेस विकणाऱ्या कंपनीने फिनलंडची इनोबेस विकत घेतली आणि मायएसक्यूएल हे ओपन-सोर्स डेटाबेस सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. मायएसक्यूएलमधले ट्रान्झॅक्शन सांभाळणारं इनोडीबी हे इंजिन इनोबेसचं होतं. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने मायएसक्यूएल घेतलं आणि जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने अख्खी सनच घेतली. प्रत्येक वेळी ग्राहकांचा प्रश्न एकच होता: आता पैसे मागतील का?

या भीतीपोटी बातमी आली त्याच आठवड्यात डेटाबेस बदलायला निघणं ही पहिली चूक. मायएसक्यूएल जीपीएल या लायसन्सखाली मिळतं: सोर्स कोड घ्या, बदला, पुढे द्या, पण पुढे देताना समोरच्यालाही तेच हक्क द्या. जीपीएलखाली बाहेर आलेली आवृत्ती नवा मालक परत घेऊ शकत नाही. मायएसक्यूएलच्या संस्थापकांपैकी एक मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच कोडवरून मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस सुरू केला तो याच हक्कावर. मालकाच्या हातात असतात त्या पुढच्या आवृत्त्या, नावाचा ट्रेडमार्क आणि व्यावसायिक लायसन्सची किंमत. तुमचं कशावाचून अडेल, ते आधी तपासा.

कंपनीच्या आश्वासनावर विसंबणं ही दुसरी. सनच्या खरेदीला युरोपीय आयोगाची मंजुरी मिळण्याआधी, डिसेंबर २००९ मध्ये, ओरॅकलने मायएसक्यूएलबद्दल दहा आश्वासनं जाहीर केली. पुढच्या आवृत्त्या जीपीएलखाली देऊ, पहिली तीन वर्षं संशोधनावर दरवर्षी सनच्या २.४ कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च करू, वगैरे. एकूण मुदत पाच वर्षं, म्हणजे ती २०१५ मध्येच संपली. त्यानंतरही फुकटची कम्युनिटी आवृत्ती जीपीएलखालीच मिळते आहे हे खरं. पण तुमच्या कपाटात सही केलेला करार नसेल, तर वाद झाल्यावर दाखवायला काही नाही.

खरं नुकसान होतं ते तिसऱ्या चुकीने, आणि छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या तिच्यात हमखास सापडतात. स्वतःच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल चालवून वेबसाइट दिली, तर जीपीएलच्या वितरणाच्या अटी लागू होत नाहीत, कारण तुम्ही सॉफ्टवेअर कुणाला देतच नाही. पण बिलिंगचं सॉफ्टवेअर विकताना इन्स्टॉलरमध्ये मायएसक्यूएल आणि त्याचा कनेक्टर (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा कोड) घातला की ते वितरण झालं. सोर्स न देणाऱ्या प्रॉडक्टमध्ये जीपीएलचा कनेक्टर जोडणं हा इथला नाजूक मुद्दा. ओरॅकलचं व्यावसायिक लायसन्स विकलं जातं ते नेमकं अशा ग्राहकांना. मारियाडीबीचे सी आणि जावा या भाषांसाठीचे कनेक्टर एलजीपीएल या जीपीएलहून सैल लायसन्सखाली आहेत. अनेकांना तेवढा बदल पुरतो. तरी माल बाजारात जाण्याआधी वकिलाला दाखवा, नंतर नव्हे.

सर्व्हरवर नेमकं काय बसलंय हेच माहीत नसणं, ही चूक तर मला सगळ्यात जास्त खुपते, कारण तपासायला दोन मिनिटं लागतात. 'व्हर्जन कॉमेंट' हे व्हेरिएबल वाचा: तिथे 'कम्युनिटी सर्व्हर – जीपीएल' असं दिसतं की 'एंटरप्राइज… कमर्शियल'? मग डेटाबेसचीच माहिती ठेवणाऱ्या इन्फर्मेशन स्कीमातल्या प्लगिन्सच्या तक्त्यात लायसन्सचा रकाना पाहा. कुणीतरी चाचणीसाठी उतरवलेली विकतची एंटरप्राइज आवृत्ती प्रॉडक्शनवर तशीच चालत राहिली असेल, तर ती इथे पकडली जाते. थ्रेड पूल (एकाच वेळच्या अनेक जोडण्या सांभाळणारा) आणि ऑडिट (कुणी काय केलं याची नोंद ठेवणारा) हे ओरॅकलचे प्लगिन पैसे भरूनच वापरायचे आहेत.

अपडेट डोळे मिटून घेऊ नका. बर्कली डीबी हा दुसरा डेटाबेस ओरॅकलकडे २००६ मध्ये आला, पण त्याचं लायसन्स एजीपीएल, म्हणजे जीपीएलहून कडक, झालं २०१३ मध्ये, ६.० आवृत्तीपासून. म्हणजे खरेदीनंतर सात वर्षांनी. संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या ओरॅकलच्याच व्हर्च्युअलबॉक्समध्येही जपून राहा: मूळ पॅकेज जीपीएलचं, पण एक्स्टेन्शन पॅकचं लायसन्स वेगळं आणि ऑफिसातल्या वापराला ते विकत घ्यावं लागतं. प्रत्येक पॅकेजची लायसन्स फाइल आवृत्तीच्या नंबरासकट जपून ठेवा.

आणि शेवटी मारियाडीबीकडे जाणारच असाल, तर डेटा फोल्डर उचलून नेला की झालं, असं समजू नका. मायएसक्यूएल ८ चं फोल्डर मारियाडीबी उघडत नाही. डम्प (सगळ्या डेटाची मजकुरातली प्रत) घ्यावा लागतो, आणि तो भरताना 'अननोन कोलेशन' असा एरर येऊ शकतो, कारण नावात '०९००' असलेली नवी कोलेशन्स (अक्षरांचा क्रम आणि जुळणी ठरवणारे नियम) मारियाडीबीच्या अनेक आवृत्त्यांना ओळखीची नाहीत. डम्पमध्ये ते नाव दुसऱ्या युनिकोड कोलेशनने बदला आणि मराठी नावांची यादी क्रमाने लावून पाहा. क्रम किंवा शोध बदललेला असू शकतो. जेसनचे (रचना असलेला डेटा मजकुरात लिहिण्याच्या पद्धतीचे) कॉलम वेगळे तपासा, कारण मारियाडीबी जेसन साध्या मजकुरासारखा साठवतो. रेप्लिकेशनमध्ये (एका सर्व्हरची प्रत दुसऱ्यावर चालू ठेवताना) जीटीआयडी, म्हणजे प्रत्येक ट्रान्झॅक्शनचा ओळख क्रमांक, वापरत असाल तर दोन्हींची पद्धत वेगळी आहे, ती जुळवणी नव्याने करावी लागेल.