फाइल कोणी अडवली आणि प्रोग्रॅम काय शोधतो आहे: विंडोजवरील तीन साधने

‘ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असा संदेश आला की संगणक रीस्टार्ट करण्याची सवय अनेकांना असते. त्याने फाइल मोकळी होते, पण दोषाचा मागही पुसला जातो. प्रोसेस एक्सप्लोरर, प्रोसेस मॉनिटर आणि फाइलमधले बाइट दाखवणारे एचएक्सडी ही तिन्ही साधने मोफत मिळतात. त्यांतले कोणते उघडायचे, हे आपल्याला पडलेल्या प्रश्नावरून ठरवावे.

या क्षणी फाइल कोणाच्या ताब्यात आहे, एवढेच हवे असेल तर प्रोसेस एक्सप्लोरर पुरेसा आहे. तो अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा, फाइंड मेनूतल्या ‘फाइंड हँडल ऑर डीएलएल’मध्ये फाइलचे नाव टाकावे, म्हणजे ती धरून ठेवणारी प्रोसेस, म्हणजेच चालू असलेला प्रोग्रॅम, समोर येते. तिथून हँडल, म्हणजे प्रोग्रॅमची त्या फाइलवरची पकड, जबरदस्तीने बंद करता येते, पण मी ते टाळण्याचाच सल्ला देईन, कारण लिहिणे अर्धवट राहून फाइल खराब होऊ शकते. तो प्रोग्रॅमच नीट बंद करावा.

घडून गेलेली गोष्ट मात्र तिथे दिसत नाही. त्यासाठी प्रोसेस मॉनिटर आहे. फाइलमॉन आणि रेगमॉन या जुन्या साधनांची कामे एकत्र करणारा हा प्रोग्रॅम फाइल, रजिस्ट्री (विंडोजचा सेटिंग्जचा साठा) आणि प्रोसेस यांच्या हालचाली क्रमाने नोंदवतो. काही सेकंदांतच हजारो ओळी जमतात आणि नवखा माणूस तिथेच गांगरतो. म्हणून आधी कंट्रोल-ई दाबून नोंद थांबवावी, कंट्रोल-एक्सने यादी रिकामी करावी, कंट्रोल-एलने फक्त आपल्या प्रोसेसचे नाव फिल्टरमध्ये घालावे आणि मग नोंद पुन्हा सुरू करून बिघाड घडवून आणावा.

समजा, प्रोग्रॅम सेटिंग्जची फाइल वाचतच नाही. रिझल्टच्या रकान्यात त्या फाइलपुढे ‘नेम नॉट फाउंड’ (नाव सापडले नाही) दिसले, तर पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. एक्सप्लोररने एक्स्टेंशन लपवल्यामुळे ‘सेटिंग्ज.आयएनआय’ वाटणारी फाइल प्रत्यक्षात ‘सेटिंग्ज.आयएनआय.टीएक्सटी’ निघते, असे पुष्कळदा होते. मात्र असा प्रत्येक शेरा दोषाचा नसतो. डीएलएल, म्हणजे स्वतःला लागणाऱ्या सामायिक कोडच्या फाइली, शोधताना प्रोग्रॅम एकामागून एक फोल्डर चाचपडतो, तेव्हाही तो उमटतोच. ‘अॅक्सेस डिनाइड’ (परवानगी नाही) आणि ‘शेअरिंग व्हायोलेशन’ (फाइल दुसऱ्याने अडवली आहे) हे शेरे अधिक लक्ष देऊन पाहावेत.

फाइल सापडते, उघडते, तरीही प्रोग्रॅम तक्रार करतो, तेव्हा तिच्या आत पाहावे लागते. एचएक्सडीमध्ये सुरुवातीलाच ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट (हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा-आधारी, अंकांत) दिसले, तर ती बीओएम, म्हणजे मजकूर यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात असल्याचे फाइलच्या आरंभी सांगणारी खूण होय. नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्या यूटीएफ-८मध्ये सेव्ह करताना ती आपोआप जोडत, आणि ती अपेक्षित नसलेला प्रोग्रॅम पहिल्याच ओळीवर अडखळतो. मराठी मजकूर तपासताना उजव्या रकान्यातली अगम्य चिन्हे पाहून फाइल बिघडली असे समजू नये: तो रकाना एकेक बाइट सुटा वाचतो, आणि यूटीएफ-८मध्ये ‘म’ला तीन बाइट लागतात, ई० ए४ एई. डावीकडे ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ ही जोडी वारंवार येत असेल, तर देवनागरी मजकूर बहुधा शाबूत आहे.

लिनक्सवर फाइल कोणी अडवली हे पाहायला एलएसओएफ आणि प्रोग्रॅम काय शोधतो आहे हे पाहायला एसट्रेस वापरतात. बाइट पाहायला तिथे एक्सएक्सडी आहे.